पोलादपूरचा कवी, तंजावरची पोथी

कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपूरला आहे. मुंबई-गोवा महामार्गाने कशेडी घाटाकडे जाणाऱ्या किंवा आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठणाऱ्या वाहनांची वर्दळ या गावातून अखंड चालू असते. मूळचे नेवाशाचे हे परमानंद शिवाजी महाराजांच्या पदरी होते आणि महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचले. ते काव्य अभ्यासकांच्या हाती आले मात्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी, जिवापाड जपलेला हा संग्रह. सदाशिव महादेव दिवेकरांनी ‘शिवभारत’ मराठी भाषांतरासह 1927 मध्ये प्रसिद्ध केले.

कवीचे कागद सांभाळणे हे काम काय असते, ते या एका पोथीवरून उमगते. ‘शिवभारता’चे 31 अध्याय पुरे आहेत. 32वा सुरू होतो आणि नवव्या श्लोकाशी थांबतो. कथा शृंगारपूरच्या स्वारीपर्यंत, म्हणजे 1661 पर्यंत, आलेली असते. पुढचे लिहिलेच गेले नाही की लिहिलेले गहाळ झाले, याचा निवाडा पोथी करत नाही. अशा ठिकाणी अभिलेखपालाचा कस लागतो. पान जिथे तुटते तिथेच ते तुटू द्यायचे आणि तुटल्याची नोंद करायची. परमानंदांच्या घराण्यात पुढे रचले गेलेले काव्य ‘परमानंदकाव्यम्’ या नावाने गो. स. सरदेसायांनी 1952 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले. ते ‘शिवभारता’ला सलग जोडून एकच ग्रंथ करण्याचा मोह कुणालाही होईल. तसे न करता दोन्ही वेगळे ठेवले, म्हणूनच कुठला भाग कुणाचा हा प्रश्न आजही तपासता येतो.

एका तिथीला दोन साक्षी

शिवजन्माची तिथी म्हणून वैशाख शके 1549 ही पूर्वी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी निघाली. एकट्या कागदावर कितीसा भरवसा ठेवायचा, हा वाद साहजिकच उठला. ‘शिवभारत’ छापून आले तेव्हा त्यातही हीच तिथी सापडली: 19 फेब्रुवारी 1630. एक कागद मावळातल्या जेधे देशमुखांच्या घरचा, दुसरा कावेरीकाठच्या राजवाड्यातला. दोन्ही कुठून आले हे ठाऊक असल्यामुळेच त्यांच्या एकमताला वजन आले. हेच दोन कागद कुणी बेवारस गठ्ठ्यातून काढून दाखवले असते, तर एकावरून दुसरा उतरवला असेल, ही शंका कधीच फिटली नसती.

खुद्द परमानंदांचा माग तिसऱ्याच दप्तरात लागतो. 1666 मध्ये ते महाराजांबरोबर आग्र्याला होते. आंबेरच्या कछवाह्यांच्या दरबारी माणसांनी तिथून धाडलेल्या राजस्थानी पत्रांत, महाराजांनी या कवीला हत्ती-घोडे देऊन गौरवल्याचा आणि पुढे त्यांना दौसा येथे अडवल्याचा उल्लेख आहे. ही पत्रे जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी 1963 मध्ये पुस्तकरूपाने पुढे आणली. पत्रे लिहिणाऱ्यांना काव्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना आपल्या धन्याला खबर पोहोचवायची होती. पण खबरींचे ते कागद कछवाह्यांच्या जयपूरने फेकले नाहीत, आणि पोलादपूरच्या कवीच्या आयुष्यातला एक प्रवास आपल्याला मिळाला.

आधुनिक कवीच्या बाबतीत चित्र उलटे असते. हिब्रू कवी येहुदा अमिखाई (1924–2000) यांचे कागद अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात आहेत. जर्मनीत जन्म, जेरुसलेममध्ये हयात आणि कागद अटलांटिकपार. अशा संग्रहात कमतरता नसते, पसारा असतो: खर्डे, वह्या, पत्रे, चिटोरे. तो लावण्याचा जगभरचा पहिला नियम एकच: कवीने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडू नये. एका कवितेचा खर्डा एखाद्या पत्राच्या पाठीवर असेल, तर कविता ‘कविता’त आणि पत्र ‘पत्रव्यवहारा’त असे करायचे नाही. कागद एकाच जागी राहतो, यादीत त्याचा उल्लेख दोन्हीकडे होतो. गंजणाऱ्या टाचण्या काढायच्या, आम्लरहित कागदाच्या घडीत पाने ठेवायची, पेटीला क्रमांक द्यायचा. हयात माणसांची खासगी पत्रे ठरल्या मुदतीपर्यंत बंद ठेवायची.

आम्ल आणि पूर

पोलादपूरशेजारच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि तिथल्या प्रयोगशाळांत आम्लता मोजणे हे रोजचे काम. कागदाचे मरणही त्याच मोजपट्टीवर कळते. चिंध्यांपासून केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद आणि त्यावर काजळीची शाई, ही जोडी शतकानुशतके टिकते. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला गिरणीचा कागद स्वतःतल्या आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून शिवकाळातल्या पोथीपेक्षा आजोबांच्या 1950 सालच्या वहीला आयुष्य कमी. आपण मात्र पोथी रेशमी बासनात बांधतो आणि वही रद्दीत घालतो.

दुसरा वैरी पाणी. 22 जुलै 2021 रोजी सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडाले. माणसे वाचवायची त्या घडीला कागद कुणाला आठवणार? पण पाणी ओसरल्यावरचे दोन दिवस कागदाच्या दृष्टीने निर्णायक असतात, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. भिजलेला गठ्ठा उलगडायला जाऊ नये, पाने फाटतात. कडक उन्हात टाकू नये, कागद वेडावाकडा होतो. थोडी पाने असतील तर सावलीत, पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून वाळवावीत. ढीग मोठा असेल तर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवावा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने एकेक गठ्ठा हाताळता येतो.

रायगड जिल्ह्यात असे जपण्याजोगे काय असू शकते? शाहिरांची बाडे, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या काळातली पत्रके, बेने इस्राएल कुटुंबांतल्या मराठी कीर्तनपदांच्या वह्या, गिरणीत राबलेल्या चाकरमान्यांनी गावी धाडलेली पत्रे. यासाठी वातानुकूलित इमारत नंतर उभी राहिली तरी चालेल. आधी यादी हवी. काय आहे, कुणाच्या घरी आहे, त्या घरात कुठून आले, कशासोबत ठेवलेले होते आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, एवढे पाच रकाने पुरेत. कागद घरातच राहू द्यावा. मालकाच्या संमतीने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्याची एक प्रत पूररेषेबाहेरच्या गावी ठेवावी. महाड-पोलादपूरची महाविद्यालये आणि वाचनालये हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू करू शकतात. परमानंदांचे काव्य वाचले ते तंजावरने राखले म्हणून. पुढच्या कवींसाठी ती राखण इथल्यांनीच करायची आहे.