औषध थांबले, त्रास उरला (लेखांक ५) : गोळी सोडली, चूर्ण धरले

फिनास्टेराइड ही केस गळण्यावरची गोळी टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारे एन्झाइम अडवते, हे मागच्या आठवड्यात पाहिले. रक्तातले डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरते. अमेरिकेत टकलासाठी तिला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. बहुतेकांना ती सोसते. पण गोळी बंद करूनही कामेच्छा परतत नाही, अशा तक्रारी येत राहिल्या आणि २०१२ मध्ये तिथल्या एफडीएने माहितीपत्रकात तसा उल्लेख आणला.

असा पुरुष डॉक्टरकडे जातो, रिपोर्ट नॉर्मल येतात, ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून तो घरी येतो. या त्रासावर सर्वमान्य उपचार नाही. अशा वेळी तो जडीबुटीकडे वळला तर मला त्यात अडाणीपणा दिसत नाही; हातावर हात धरून बसणे कोणाला जमते? त्याचा हिशेब साधा असतो. हार्मोन बिघडले ना, मग ते वाढवू. अश्वगंधा, गोखरू, शिलाजित, शिवाय मलेशियातून येणारी टोंगकात अली.

हिशेब चुकतो तो इथेच. गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉन घटत नाही; डीएचटीकडे जाणारी वाट बंद झाल्याने ते उलट थोडे वाढते. म्हणजे जे कमी पडलेच नव्हते, ते वाढवण्यावर महिन्याचे पैसे जातात.

याहून विचित्र प्रकार सॉ पाल्मेटोचा. फ्लोरिडाकडच्या या बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क प्रोस्टेटसाठी आणि केसांसाठी विकला जातो. प्रयोगशाळेत तो अडवतो ते एन्झाइम फिनास्टेराइडचेच! गोळीने पोळलेला माणूस डबीवरचे ‘नॅचरल’ वाचतो आणि त्याखालचे ‘डीएचटी ब्लॉकर’ त्याच्या नजरेतून सुटते. अर्क तसा दुबळा आहे. प्रोस्टेटच्या २२५ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो नकली गोळीपेक्षा सरस ठरला नाही. तरीही ज्याच्या त्रासाची सुरुवात याच एन्झाइमपाशी झाली, त्याने पुन्हा तिथेच हात घालावा कशाला?

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी चालते. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवरही तिचा परिणाम दिसतो. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असेल, असाही एक मुद्दा त्या वादात आला. पण बंद डबीतली पूड नेमकी कशाची आहे, हे घेणाऱ्याला तरी कुठे कळते? इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ मधल्या तपासणीत साधारण पाचातल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

आणि एखाद्या ‘हर्बल’ कॅप्सूलचा गुण तासाभरात दिसला, तर आनंदाआधी शंका यावी. लैंगिक ताकदीच्या अशा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलेच औषध, लपवून मिसळलेले एफडीएला वारंवार आढळले आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

त्रस्त माणूस यातले एकच काही घेत नाही, चार-पाच डब्या एकदम उघडतो. मग महिन्याने झोप सुधारली किंवा डोळे पिवळे झाले, तरी श्रेय आणि दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. डॉक्टरने ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले की चूर्ण त्या यादीत येतच नाही, कारण घेणाऱ्याच्या लेखी ते औषधच नसते. डब्याच सोबत न्याव्यात, आणि नवे काही घ्यायचेच असेल तर एका वेळी एक, सुरू केल्याची तारीख लिहून.

पुढच्या आठवड्यात: एकच अश्वगंधा औषध म्हणूनही विकता येते आणि अन्नपूरक म्हणूनही, डबीवरचा परवाना क्रमांक कसा वाचायचा?