तीनशे मग, तीन बाइट

गूगलने प्रोग्रामरांच्या सरावासाठी एक लुटुपुटूचं दुकान मांडून ठेवलं आहे, 'ऑनलाइन बुटीक' नावाचं. गॉगल, घड्याळं, कॉफीचे मग असा किरकोळ माल. पण आत डोकावलं की चक्रावायला होतं. हे एवढंसं दुकान 11 सुटे प्रोग्राम मिळून चालवतात, तेही पाच भाषांत. दर्शनी पान आणि चेकआउट गोमध्ये, कार्ट सी-शार्पमध्ये, चलनाचा हिशेब नोड-जेएसमध्ये, ईमेल पायथनमध्ये आणि जाहिराती जावामध्ये. तुम्ही ऑर्डर दिलीत की चेकआउट कार्टला विचारतं, काय काय घेतलंय? चलनवाल्याला विचारतं, या पैशांत किती होतील? शेवटी ईमेलवाल्याला सांगतं, पावती धाड. समोरचा कोणत्या भाषेत लिहिलाय, हे यातल्या एकालाही ठाऊक नसतं.

सगळी मेख एका साध्या फाइलमध्ये आहे. कार्टमधल्या वस्तूचे दोन रकाने: 1 नंबरचा वस्तूचा कोड, 2 नंबरचा नग. एवढा करार तिथे लिहिलेला असतो आणि एक कंपायलर तो वाचून प्रत्येक भाषेसाठी लागणारा कोड आपणच लिहून देतो. या पद्धतीचं नाव प्रोटोकॉल बफर्स. गूगलने ती 2008 मध्ये सर्वांना खुली केली आणि तिच्या जोडीला 2015 मध्ये जीआरपीसी आणलं. जीआरपीसीमागची कल्पना, म्हणजे दूरच्या यंत्रावरचं फंक्शन घरच्यासारखं बोलवायचं, ही मात्र त्याहून बरीच जुनी. बिरेल आणि नेल्सन या संशोधकांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातलं आपलं या विषयावरचं काम 1984 मध्येच प्रसिद्ध केलं होतं.

आता तारेवरून नेमकं काय जातं ते बघा. समजा, कुणी 300 मग मागवले. जेसन या मजकुरी पद्धतीत नुसतं इंग्रजीत 'क्वांटिटी' आणि 300 लिहायला अवतरणचिन्हं आणि मधला अपूर्णविराम (:) धरून 14 अक्षरं लागतात. इथे जातात फक्त तीन बाइट: 16, 172, 2. पहिल्या 16 चा अर्थ, 'दुसरा रकाना, आत पूर्णांक' (दोन गुणिले आठ, अधिक पूर्णांकाच्या प्रकाराचं शून्य). 172 हा 128 पेक्षा मोठा, म्हणजे 'थांबा, आकडा अजून संपलेला नाही'. 128 वजा करून 44 बाजूला ठेवायचे. पुढचा 2 म्हणजे दोन वेळा 128, अर्थात 256. त्यात 44 मिळवा: 300! रकान्याचं नाव तारेवर येतच नाही, येतो तो फक्त नंबर.

पैशांच्या बाबतीत तर आणखी चोख व्यवस्था. जावास्क्रिप्टला 0.1 अधिक 0.2 किती विचारा, 0.30000000000000004 असं उत्तर येतं. अशा गणितावर दुकान कोण चालवणार? म्हणून करारात रक्कम दोन पूर्णांकांत तोडली आहे: आख्खे डॉलर आणि डॉलरचे अब्जांश. 8 डॉलर 99 सेंट म्हणजे 8 आणि 99,00,00,000. पाचही भाषांत हिशेब तोच.

खरी कसोटी नवी आवृत्ती चढवताना लागते. प्रत्येक सेवा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र डब्यात असते, त्यामुळे सी-शार्पचं कार्ट बदललं तरी पायथनला हात लावावा लागत नाही. पण काही काळ जुन्या-नव्या प्रती एकाच वेळी चालू असतात. नव्या प्रतीने तिसरा रकाना धाडला तर जुनी तो ओलांडून पुढे जाते. किती बाइट सोडायचे हे तिला त्या मजकुरातूनच कळतं. रकान्याचं नाव बदललं तरी तारेवर काही फरक पडत नाही. मात्र काढून टाकलेला 2 नंबर उद्या 'सवलती'ला दिलात, तर जुनी प्रत 300 ची सवलत 300 नग म्हणून मुकाट वाचेल. ना एरर, ना तक्रार! म्हणून निवृत्त नंबर फाइलमध्ये 'रिझर्व्ह्ड' लिहून कायमचे बाद करतात.

चार जणांच्या टीमने एकाच भाषेतलं काम उगाच 11 तुकड्यांत फोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गंमत अनुभवायची असेल तर या दुकानाचा सगळा कोड खुला आहे. आपल्या यंत्रावर चढवा, हवे तेवढे मग मागवा. कार्डातून छदामही जाणार नाही. मगही येणार नाहीत म्हणा.