साखळी कोठे तुटते?

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लसटोचणी. लस थंड ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. एकाच्या दंडावरील फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, अशी साखळी करून ती पुढे नेत. ॲनाच्या दंडावरून ती इतर मुलांना मिळाली.

लशीत मारलेले किंवा दुबळे केलेले रोगजंतू, अथवा त्यांचा एखादा भाग असतो. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगचे जंतू उष्णतेने मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. अशा लशीमुळे रक्तातील काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडे बनवतात, तर काही पेशी जंतूची ओळख जपून ठेवतात. पुढे खरा जंतू आला की प्रतिकार चटकन होतो.

आता थोडे गणित करू. कोणालाच संरक्षण नसेल, तर गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. मग १५ चे २२५ आणि २२५ चे ३३७५! अणूंच्या शृंखला-अभिक्रियेसारखेच हे. अणुभट्टीत नियंत्रक कांड्या न्यूट्रॉन शोषून घेतात. लस घेतलेला माणूस तेच काम करतो. पंधरांपैकी दहा सुरक्षित असले, तरी एकापासून पाच, पाचांपासून पंचवीस होतातच. चौदा सुरक्षित असले, तर एकापासून एकच. त्याहून अधिक असले, की साखळी विझते. १४/१५ म्हणजे सुमारे ९३ टक्के. एका मात्रेने प्रत्येकाला संरक्षण मिळतेच असे नाही. म्हणून गोवराच्या दोन मात्रा देतात आणि ९५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात.

हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाक्याचेच उदाहरण घ्या. रस्त्याने माणसे येतात, त्यांच्याबरोबर रोगही येऊ शकतो. गावातल्या सहा महिन्यांच्या बाळाला नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच मिळणार. तोवर त्याचे रक्षण शेजारच्या मुलांनी घेतलेली लस करते.

रोगी शोधून त्याच्या आसपासच्या सर्वांना लस टोचली, तेव्हा १९७५ मध्ये भारतात देवीची साखळी तुटली. १९८० मध्ये जगही देवीमुक्त जाहीर झाले. गोवराची साखळी मात्र अजून तुटायची आहे. आज घरी गेल्यावर आपले लसीकरणाचे कार्ड पाहा. दोन्ही मात्रा झाल्या आहेत ना? तुमच्या वर्गात अशी किती मुले आहेत, त्यांची टक्केवारी काढा. ती ९३ च्या वर आहे की खाली?