काँक्रीटच्या सांध्यात सिमेंट भरू नका

धारणीत पावसाळा तोंडावर आला की घरासमोरच्या काँक्रीटची डागडुजी निघते. फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेत आडव्या फटी दिसतात. त्या सिमेंट-रेतीनं भरून वरून थापी फिरवली की काम झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. दिसायला ते नीटनेटकं दिसतंही, पण नुकसान तिथूनच सुरू होतं.

कारण ही फट म्हणजे काँक्रीट फुटल्याची खूण नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असते. काँक्रीट उन्हानं वाढतं, थंडीनं आखडतं. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेली लादी मे महिन्याच्या दुपारी सहज ५५ अंशांपर्यंत तापते. एवढ्या फरकानं १० मीटर लांबीचं काँक्रीट साधारण साडेचार मिलिमीटर वाढतं. ती वाढ जिरवायची जागाच बुजवली, तर कडांच्या कपच्या उडतात किंवा पोर्चचा ओटा ढकलला जातो. हिवाळ्यात तेच सिमेंट एका बाजूनं सुटतं. मग मेळघाटातला पाऊस त्या बारीक भेगेतून खाली उतरतो, आणि खाली काळी माती असेल तर ती फुगून लादी उचलते. अशी वरखाली झालेली लादी सांधा भरून सरळ होत नाही. तिथं आधी खालचा भराव दुरुस्त करावा लागतो.

‘फट जितकी खोल भरू तितकी मजबूत’ हाही गैरसमजच. सिमेंटऐवजी फटीत भरायचं ते लवचीक सीलंट. ते फटीच्या रुंदीच्या निम्म्या जाडीचं पुरतं, म्हणजे १२ मिलिमीटरच्या फटीत ६ मिलिमीटर. त्याखाली फटीपेक्षा थोडी जाड, १५ मिलिमीटरची फोमची दोरी दाबून बसवायची. सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं, तर ते मोकळेपणी ताणलं जात नाही आणि फाटतं.

काचेला लावतात ते आंबूस वासाचं सिलिकॉन काँक्रीटवर टिकत नाही. पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट घ्या. रस्त्याचं साधं डांबर उन्हात पाघळून टायरला चिकटतं.

खरी मेहनत साफसफाईत आहे. फटीतली कुजलेली फळी, जुनं डांबर, अडकलेली गिट्टी छन्नीनं काढायची. गिट्टीचा एक खडा राहिला तरी लादी वाढताना तिथंच कड फुटते. मग तारेच्या ब्रशनं दोन्ही कडा घासा, धूळ फुंकून काढा आणि फट पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या किंवा धुळकट कडेला महागातलं सीलंटही धरत नाही. भरताना ते लादीच्या पातळीपेक्षा तीनेक मिलिमीटर खालीच ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात फुगून चाकाखाली येणार नाही.

हे काम जूनवर ढकलू नका. फेब्रुवारी-मार्चमधली कोरडी सकाळ निवडा. तेव्हा फट फार उघडलेली नसते, फार मिटलेलीही नसते. आणि सिमेंटचं घमेलं आधीच भरून आणलं असेल, तर मिस्त्रीला ते परत न्यायला सांगा.