लपणातून दिसणारे शिवार

ऑक्टोबरअखेरची पहाट. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर धुके रेंगाळलेले असते. काठावरच्या लपणात शिरल्यावर प्रथम दिसत काहीच नाही. पाणवनस्पतींतून जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट मात्र ऐकू येतो. धुके विरू लागते तसे कपाळावर पांढरा टिळा मिरवणारे वारकरी, लांब गुलाबी पायांचे शेकाटे आणि उत्तरेकडून नुकतीच उतरलेली तलवार बदके उघड होतात. बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळाची बेटे व उथळ पाणी हे या गर्दीचे कारण. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झालेले आणि ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणून ओळखले जाणारे हे ठिकाण राज्यातील पहिले रामसर स्थळही आहे.

दुर्बिणी बहुधा बदकांवरच खिळतात. पाठीमागच्या ऊस, सोयाबीन व द्राक्षांच्या शिवाराकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. वास्तविक तेथेही पाहण्यासारखे पुष्कळ असते. ओल्या बांधावर शेपटी हलवत पिवळा धोबी माश्या टिपतो, विजेच्या तारेवरून कोतवाल झेपावतो, पिकाच्या शेंड्यालगत तरंगणारा भोवत्या उंदीर व नाकतोडे हुडकतो. वेडा राघू मधमाश्या आणि चतुरही खातो. तेव्हा प्रत्येक पक्षी शेतकऱ्याचा मित्र, असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून नाही.

यांपैकी बऱ्याच पक्ष्यांचे अन्न पाण्यात वाढते. चतुरांची पिल्ले पाण्यातच डासांच्या अळ्यांवर पोसली जातात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात सहज विरघळते; शेतातून ओढ्यात व ओढ्यातून जलाशयात पोहोचते आणि अत्यल्प प्रमाणातही अनेक जलकीटकांना घातक ठरते. नेदरलँड्समधील अभ्यासात (२०१४) ज्या भागांतील पाण्यात ते लिटरमागे २० नॅनोग्रॅमहून अधिक आढळले, तेथे कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत होती. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही फवारणी पंप ओढ्यात धुणाऱ्यास तो सांगितलाच पाहिजे.

याच दिवसांत हरभऱ्याची पेरणी सुरू होते. कोतवाल तारेवर बसतो, कारण मोकळ्या रानात त्याला दुसरी जागाच नसते. घाटेअळीसाठी हेक्टरी सुमारे ५० पक्षिथांबे उभारण्याची शिफारस जुनीच आहे. पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली, तर तिची ताटेच थांब्याचे काम करतात. मात्र थांबे अळी दिसल्यावर नव्हे, पीक लहान असतानाच रोवलेले बरे.

नऊच्या सुमारास ऊन चढते, बदके चोच पंखांत खुपसून निवांत होतात आणि दुर्बिणी पिशवीत जातात. तारेवरचा कोतवाल अजून शिकारीतच गुंतलेला असतो.