धरण उतरलं, रॅपिड परतले
(लेखमाला : नदी आणि धरण, लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण साठा आणि विसर्ग वेगळे करून पाहिले. साठा टीएमसीत मोजतात, विसर्ग क्युसेकमध्ये. पावसाळ्यातल्या बातम्यांत दोन्ही आकडे एका दमात कानावर पडतात आणि डोक्यात त्यांची सरमिसळ होते. नदीत राफ्ट किंवा कनू घालणाऱ्याला ही सरमिसळ परवडत नाही. धरणाच्या वरच्या अंगाला वल्हवायचं असेल तर साठा बघावा लागतो, खालच्या अंगाला विसर्ग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर ही दोन्ही गणितं एकाच धरणापाशी बघायला मिळतात.

ॲरिझोनातल्या ग्लेन कॅन्यन धरणाची दारं मार्च १९६३ मध्ये बंद झाली. मागे तयार झालेला लेक पॉवेल पूर्ण भरायला १९८० साल उजाडलं. मूळ क्षमता आपल्या अकरा कोयनांएवढी आणि फुगवट्याची लांबी जवळजवळ तीनशे किलोमीटर. नाव ज्या जॉन वेस्ली पॉवेलचं, त्या युद्धात एक हात गमावलेल्या माणसानं १८६९ मध्ये लाकडी होड्यांतून या नदीचा प्रवास केला होता. त्याला धडकी भरवणारे कितीतरी रॅपिड त्याच्याच नावाच्या तलावात बुडाले. सरकारी सन्मान कधी कधी असेही असतात.

फुगवट्याचं वरचं टोक युटामधल्या कॅटरॅक्ट कॅन्यनमध्ये शिरतं. बाजूच्या ओढ्यानं पुरात लोटून आणलेले धोंडे पात्रात अडकतात, पात्र अरुंद होतं, पाणी तुंबतं आणि मग उतारावरून कोसळतं, असा रॅपिड बनतो. त्याला खालच्या बाजूला उतार लागतो. तिथं तलावाचं पाणी चढलं की उतारच नाहीसा होतो आणि रॅपिड मुकाट्यानं मिटतो. शिवाय नदी स्थिर पाण्याला भिडते तिथेच आपला सगळा गाळ टाकते. कोलोरॅडो म्हणजे गढूळपणाबद्दल प्रसिद्ध नदी. कॅटरॅक्टच्या खालच्या भागात गाळाचे इतके उंच थर साचले, की बोटवाल्यांनी खडकांच्या शास्त्रीय नावांच्या चालीवर त्यांना ‘डॉमिनी फॉर्मेशन’ म्हणायला सुरुवात केली. फ्लॉइड डॉमिनी हे या धरणाचा हिरिरीनं पुरस्कार करणारे अधिकारी.

२००० नंतर दुष्काळ लागला आणि तलाव उतरू लागला. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती ३,५२० फुटांच्या आसपास आली, साठा चौथाईच्याही खाली. पाणी मागे सरलं तशी नदी साचलेला गाळ कापत आपल्या जुन्या तळाकडे निघाली आणि चाळीस-चाळीस वर्षं गाडलेले रॅपिड एकेक करून परत आले. हे कुणी ठरवून केलेलं नाही, नदीनं स्वतःच उरकलंय.

मात्र रॅपिड मिळाले आणि धक्का गेला. हाइट इथला राफ्ट बाहेर काढायचा काँक्रीटचा उतार पाण्यापासून दूर, उंचावर कोरडा पडला. मग नॉर्थ वॉश नावाच्या जागी ढासळत्या मातीच्या काठावरून जड राफ्ट ओढून काढायची पाळी आली. २०२१ च्या उन्हाळ्यात तर लेक पॉवेलवरचे बहुतेक धक्के हाउसबोटींना बंद झाले. कनू-कयाकवाल्यांना बाजूच्या अरुंद घळी पुन्हा खुल्या झाल्या, पण पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये कंबरभर चिखल. पातळी घसरली की बातमी पाण्याची होते, सहल अडते ती काठावर.

आता धरणाखाली येऊ. लीज फेरीपासून ग्रँड कॅन्यनची सफर सुरू होते. २०२२-२३ मध्ये तलाव इतका रिता असतानाही ती चालूच राहिली. कारण इथला किमान विसर्ग नियमानं बांधलेला आहे : दिवसा ८,००० क्युसेक, रात्री ५,०००. एरवी कमाल २५,०००. पातळीचा परिणाम होतो तो वर्षाचं एकूण पाणी ठरवताना. नेहमीचा आकडा सुमारे ३५८ टीएमसी. २०२२ मध्ये तो ३०५ वर आणला. पाणी कमी म्हणजे हॅन्ससारख्या रॅपिडमध्ये खडक उघडे, वाट शोधायला कठीण.

रोजचा चढउतार मात्र विजेच्या मागणीवर. दुपारी-संध्याकाळी एसी लागले की टर्बाइन जोरात, रात्री मंद. ही लाट खालच्या मुक्कामांपर्यंत पोचायला कितीतरी तास लागतात, त्यामुळे कुठे मध्यरात्री भरती, कुठे पहाटे. ओहोटीचा हिशेब न करता बांधलेली राफ्ट सकाळी वाळूवर बसलेली सापडते. मग आठ-दहा माणसं ‘हय्या हो’ करत ती पाण्यात ढकलतात.

भरलेलं धरण म्हणजे निर्धोक सफर, असंही नाही. खरा अनर्थ ओढवला तो काठोकाठ भरलेल्या तलावानं. १९८३ मध्ये उशिरा पडलेलं बर्फ एकदम वितळलं आणि लेक पॉवेलमध्ये पाणी घ्यायला जागाच नव्हती. सांडव्यांच्या दारांवर प्लायवूडच्या फळ्या लावून उंची वाढवावी लागली. विसर्ग ९०,००० क्युसेकच्या वर गेला. क्रिस्टल रॅपिडमध्ये मोठमोठ्या मोटार-राफ्ट उलटल्या, एका प्रवाशाचा जीव गेला. त्याच पुरावर स्वार होऊन ‘एमरल्ड माइल’ नावाची लाकडी होडी २७७ मैल ३७ तासांच्या आत उतरून गेली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती होडी. मला यात बुडालेल्या माणसावर अन्यायच दिसतो.

सफरीच्या शेवटी पुन्हा फुगवटा, हूवर धरणामागच्या लेक मीडचा. तोही उतरलाय. तिथे पिअर्स फेरीजवळ नदी आपल्या जुन्या पात्रात परतली नाही, कारण ते गाळानं भरलं होतं. तिनं बाजूच्या खडकावरून वाट काढली आणि पूर्वी नसलेला एक भयंकर रॅपिड तयार झाला. राफ्ट बाहेर काढायचा धक्का त्याच्या किंचित वर. तो चुकला तर मागे फिरणं नाही.

आपल्याकडे कोलाडची कुंडलिकाही अशीच, साठ्यावर नव्हे तर विसर्गावर चालते. तिच्यातलं राफ्टिंगचं पाणी मुळात तिचं नव्हेच. पूर्वेकडे भीमेला जाणारं मुळेचं पाणी मुळशी धरणात अडवून टाटांनी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघराकडे, घाटाखाली वळवलं. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला होता. भर उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटलेल्या असताना कुंडलिकेत राफ्ट चालतात त्या या पाण्यावर. वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की राफ्ट उतरतात. ते सुटलं नाही, तर मुळशी कितीही भरलेलं असो, पात्रात धोंडेच दिसतात.

तेव्हा कोलाडचं बुकिंग करताना मुळशी किती टक्के भरलंय हे विचारू नका. पाणी किती वाजता सुटणार, आणि नाहीच सुटलं तर पैसे परत मिळणार का, एवढं विचारा. आणि सकाळी पात्र कोरडं दिसलं म्हणून मुलांना फोटोसाठी मधल्या धोंड्यांवर पाठवू नका, पाणी तासाभराच्या पूर्वसूचनेनं येत नाही.