सातारा व सांगली जिल्ह्यांतील खानावळी

खानावळ (रूपभेद: खाणावळ) म्हणजे ठरावीक मोबदला घेऊन रोजच्या धाटणीचे साधे जेवण देणारे ठिकाण होय. उपाहारगृहात गिऱ्हाईक पदार्थ निवडतो. खानावळीत तो जेवायला बसतो आणि त्या दिवशी जे शिजले असेल ते त्याच्या ताटात पडते. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत एस.टी. स्थानके, बाजार समित्या, महाविद्यालये, न्यायालये व रुग्णालये यांच्या आसपास अशा खानावळी मोठ्या संख्येने आढळतात. घर सोडून राहिलेले विद्यार्थी, एकटे राहणारे नोकरदार, हमाल, वाहनचालक, गवंडी आणि रुग्णांचे नातेवाईक हा त्यांचा मुख्य ग्राहकवर्ग आहे. दोन्ही जिल्ह्यांचा इतिहास या बाबतीत वेगळा काढता येत नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

शब्द

मराठीत ‘-णावळ’ हा प्रत्यय एखाद्या कामाचे मोल दाखवतो. दागिना घडवण्याच्या मजुरीस घडणावळ म्हणतात, कपडे धुण्याच्या मजुरीस धुणावळ. याच घडणीचा खाणावळ हा शब्द मुळात जेवणाच्या मोलाचा वाचक असून पुढे तो ते मोल घेणाऱ्या ठिकाणाला लागला. ‘न’काराने लिहिलेल्या रूपामागे ‘खाना’ या शब्दाची ओढ असणे शक्य आहे. आज पाट्यांवर तेच रूप अधिक दिसते. उत्तर कर्नाटकातील कन्नड भाषेतही ‘खानावळी’ हा शब्द रूढ आहे. सांगली, मिरज व जत या भागांतील लिंगायत खानावळींच्या पाट्या या दुभाषी पट्ट्याची साक्ष देतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मात्र खानावळीची जागा ‘मेस’ने आणि गिऱ्हाइकाची जागा ‘मेंबर’ने घेतली आहे.

पूर्वपीठिका

पैसे देऊन परक्याच्या हातचे जेवणे ही जुन्या समाजात सहज गोष्ट नव्हती. प्रवासी शिधा बरोबर नेई किंवा नात्यागोत्यात उतरे. शहरात शिकायला आलेले गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत किंवा ‘वार लावून’ जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी. या व्यवस्थेत पोट भरे, पण उपकाराचे ओझे राही आणि इतर जातींच्या मुलांना तर तिचा उपयोगच नव्हता. सुरुवातीच्या खानावळीही बहुधा जातवार होत्या. पाटीवर जातीचे नाव असणे म्हणजे आचारी कोणाचा आणि पंगत कोणाची याची जाहिरातच असे.

त्या बंदिस्तपणाची सर्वांत बोलकी नोंद याच भागातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपण साताऱ्यात गेले. १९०१ च्या सुमारास ते घरातल्या इतर मुलांसह रेल्वेने मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. गाडीवान मुश्किलीने मिळाला, रात्र वाटेत काढावी लागली. मुलांजवळ भरपूर अन्न होते, परंतु पाणी कोणी देईना. त्यामुळे ती उपाशीच झोपली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. खानावळीचा इतिहास सांगताना तिथे काय शिजत होते याइतकेच तिथे कोण बसू शकत होते हेही पाहावे लागते, ते यासाठी.

यावरचा स्थानिक उतारा वसतिगृहांनी दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाकाची कामे वाटून घेत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी धान्य उरले नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. वसतिगृह ही खानावळ नव्हे हे खरे; पण परक्या जातीच्या मुलाशेजारी बसून जेवण्याची सवय एका पिढीला तिथे लागली.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ने सार्वजनिक भोजनगृहांतील प्रवेश धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून नाकारण्यास मनाई केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून असा प्रवेश नाकारणे शिक्षापात्र ठरले. ‘लिंगायत’, ‘मराठा’, ‘ब्राह्मणी’ अशी विशेषणे पाट्यांवर आजही दिसतात, मात्र त्यांचा अर्थ आता बहुतांशी चवीपुरता उरला आहे: शुद्ध शाकाहार, मटणाचा रस्सा, गोडसर आमटी इत्यादी.

मुंबईची वाट

सातारा-सांगलीच्या खानावळीचा एक मोठा अध्याय या जिल्ह्यांबाहेर, मुंबईच्या गिरणगावात घडला. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आणि घाटमाथ्यावरील इतर गावांतून हजारो पुरुष कापड गिरण्यांत कामाला गेले. कुटुंब गावी आणि कामगार मुंबईत, अशा स्थितीत एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने झोपावे आणि ओळखीच्या बाईकडे जेवावे अशी पद्धत पडली. या बाईला खानावळवाली म्हणत. बहुधा ती स्वतःच एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा असे, आणि पगाराच्या दिवशी तिचे पैसे चुकते होत. पगार थांबला की सर्वांत आधी तिची उधारी थकत असे, कारण वाणी तिला थांबू देत नसे आणि ती जेवणाऱ्याला उठवू शकत नसे. सावकारी व्याजाच्या या कात्रीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली व खानावळवाल्या महिलांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर असंख्य कामगार गावी परतले आणि त्या स्वयंपाकघरांचा आधार तुटला.

जेवण

भाकरी हा ताटाचा कणा आहे. पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात बाजरी व ज्वारीची, कृष्णा-वारणाकाठी प्रामुख्याने ज्वारीची. चपाती अलीकडे सर्वत्र मिळते, तरी ‘भाकरी गरम आहे का’ हा प्रश्न गिऱ्हाईक दारातूनच विचारतो. सोबत एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक कडधान्याची उसळ, आमटी, भात, कांदा व लिंबाची फोड असते. पिठले-झुणका, खर्डा आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत ही या भागाची ओळख आहे. कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यातील अख्खा मसूर तर एवढा लोकप्रिय झाला, की महामार्गालगतच्या ढाब्यांनी त्याची स्वतंत्र पाटी लावली. या सर्वांस चव देणारा कांदा-लसूण मसाला घरोघरी ‘चटणी’ म्हणून ओळखला जातो. वर्षभराची चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून ठेवतात आणि तीच खानावळीची खरी सही असते. आचारी बदलला तरी चटणी बदलू नये, असा जाणत्या चालकांचा कटाक्ष असतो.

मांसाहारी खानावळींत मटणाचे ताट सुके व रस्सा अशा दोन वाट्यांत येते. बुधवार, शुक्रवार व रविवार हे गर्दीचे वार. सोमवार, गुरुवार व शनिवार अनेकांच्या उपवासाचे किंवा शाकाहाराचे असल्याने त्या दिवशी गल्ला हलका, आणि श्रावणात तर महिनाभर.

हिशोब

खानावळीत एक वेळचे ताट घेता येते, तसेच महिनेवारीही लावता येते. महिनेवारीत दोन वेळचे जेवण महिन्याच्या ठोक दराने मिळते व पैसे बहुधा आगाऊ घेतले जातात. रविवारी दुपारी गोडाचे जेवण आणि रात्री सुट्टी, ही विद्यार्थी खानावळींची सर्वमान्य रीत आहे. जेवणाऱ्याची गैरहजेरी म्हणजे खाडा. खाड्याची वजावट मिळण्यासाठी आदल्या दिवशी सांगावे लागते आणि एकट्या-दुकट्या वेळेचा खाडा सहसा धरला जात नाही. विद्यार्थ्यांना हा नियम जाचक वाटतो; चालकाच्या बाजूने पाहिले तर भाजी आणि पीठ त्याने सकाळीच घेतलेले असते.

या व्यवहाराचा खरा गाभा ‘पोटभर’ या एका शब्दात आहे. जुन्या पद्धतीच्या खानावळीत भाकरी, आमटी आणि बहुधा भात हवा तितका वाढला जाई. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणारा हमाल पाच भाकऱ्या खाई, शेजारी बसलेला कारकून दोन. दाम दोघांना सारखाच. म्हणजे कमी खाणारा जास्त खाणाऱ्याच्या ताटाचा काही भाग उचलत असे आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसे. चालकाचे गणित सरासरीवर चाले. गिऱ्हाइकांत दोन्ही प्रकारची माणसे असतील तोवर ते सुटे. केवळ कष्टकऱ्यांची वस्ती असलेल्या ठिकाणी ते सुटत नसे, आणि तिथल्या खानावळी आमटी पातळ करून वेळ निभावत. ‘आमटीत डाळ शोधावी लागते’ ही तक्रार त्यामुळे जितकी चवीची, तितकीच हिशोबाची आहे.

गेल्या काही दशकांत ‘अमर्यादित’ आणि ‘मर्यादित’ असे दोन दर पाटीवर आले. मर्यादित ताटात भाकऱ्यांची संख्या ठरलेली असते व पुढची प्रत्येक भाकरी वेगळ्या दराने मिळते. हा बदल वरकरणी न्याय्य आहे: ज्याने जेवढे खाल्ले तेवढे त्याने द्यावे. परंतु त्याचा भार अंगमेहनत करणाऱ्यावरच पडतो, कारण त्याची भूक मोठी आणि मिळकत लहान. तिसरी भाकरी मागताना खिसा चाचपावा लागणे हे जुन्या पंगतीला अपरिचित होते.

उधारीही याच हिशोबाचा भाग आहे. शेतकऱ्याचे ऊसबिल यायचे असते, विद्यार्थ्याची मनिऑर्डर अडकलेली असते, रुग्णालयात मुक्काम वाढलेला असतो. मिरजेत देशभरातून, विशेषतः कर्नाटकातून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांना औषधाच्या खर्चापुढे जेवणाचा खर्च नेहमीच दुय्यम वाटतो. अशा परिसरात एक ताट घेऊन दोघांनी जेवण्यास हरकत घेणारी आणि न घेणारी, अशी खानावळींची वर्गवारी लोक आपोआप करतात.

चालवणारे हात

खानावळ ही बरीचशी स्त्रियांच्या श्रमावर उभी असते, जरी गल्ल्यावर पुरुष बसलेला दिसला तरी. भाकऱ्या थापणाऱ्या बाया पहाटेपासून चुलीपुढे किंवा गॅसपुढे असतात. त्यांना रोजाने किंवा भाकऱ्यांच्या नगावर मजुरी मिळते. घरगुती खानावळीत तर मालकीण, आचारी, वाढपी आणि हिशोबनीस ही एकच बाई असते व तिची मजुरी ताटाच्या दरात धरलेलीच नसते. ताट स्वस्त राहण्याचे ते एक कारण आहे, आणि पाटीवर ‘घरगुती’ असे लिहिणाऱ्यांनी ते कधी मोजलेले नाही.

शासकीय स्वस्त भोजन

१९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली. काही वर्षांतच ती योजना गुंडाळली गेली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी ही योजना आली. तीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात व १०० ग्रॅम वरण असे प्रमाण ठरले. थाळीची किंमत शहरी भागात ५० व ग्रामीण भागात ३५ रुपये धरून गिऱ्हाइकाकडून १० रुपये घ्यावेत, उरलेली रक्कम शासनाने चालकास द्यावी, अशी रचना होती. टाळेबंदीच्या काळात दर पाच रुपये झाला आणि २०२१ मध्ये काही महिने थाळी विनामूल्य होती. निराधार व वृद्धांसाठी ती मोठी सोय ठरली. दिवसभर ओझी वाहणाऱ्यास मात्र ३० ग्रॅमच्या दोन चपात्या पुरणाऱ्या नाहीत. त्याच्यासाठी खानावळच उरते.

अलीकडचा काळ

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराचा सखल व्यापारी भाग पाण्याखाली गेला आणि तळमजल्यावरच्या लहान खानावळींचे धान्य, भांडी व उधारीच्या वह्याही सापडल्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थी गावी गेले आणि महिनेवारीचा आधार एका आठवड्यात सुटला. बसून जेवण्याऐवजी डबा पोहोचवण्याकडे अनेक चालक वळले ते याच सुमारास. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा व व्यावसायिक १९ किलोचा असतो आणि दुसऱ्याचा दर किलोमागे बराच चढा. त्यामुळे इंधन हा लहान चालकांच्या चिंतेचा विषय बनला असून काहींनी भाकरीपुरती चूल राखली आहे. पैसे मोबाइलवरून दिले जातात आणि बऱ्याच ठिकाणी खाडाही व्हॉट्सॲपवर कळवला जातो. वहीत तो अजून हातानेच मांडतात.